शोकाचे सुनीत: वृत्त मोजावे कसे, वळण शोधावे कुठे

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच विषयावर आहेत: शोकावरचे सुनीत (चौदा ओळींची कविता, इंग्रजीतले सॉनेट) समोर आले की त्याचा आकार आणि वृत्त तपासायचे कसे? नुसते नियम सांगून हे समजत नाही, म्हणून या सदरासाठी मुद्दाम एक सुनीत रचले आहे. खालची सगळी उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत. ओळींना क्रमांक घातले आहेत. उत्तरे वाचताना ओळ पुन्हा पाहायला ते उपयोगी पडतील.

१ खुंटीला अजुनी तसाच सदरा, बाही जरा ओघळे;
२ चष्म्याची घडि मोडली न कुणिही, काचेवरी ते ठसे;
३ अर्ध्या बाटलितील औषध जुने काठावरी साकळे,
४ खुर्चीची बसकी खळी तशिच ती, कोणी न तेथे बसे.
५ येती लोक, म्हणून शब्द ठरले जाती पुन्हा आपल्या
६ कामांना, उरते घरात नुसती भिंतींतली शांतता.
७ दाराशी सरत्या उन्हात तिरप्या येती हळू सावल्या,
८ ना कोणी पुसते 'उशीर कसला?' दारात मी पोचता.

९ अश्रूंचा पण थेंबही न उतरे, डोळे असे कोरडे;
१० हातांना समजे न, दोन कप ते ओट्यावरी मांडती.
११ पाणी ते उकळे, रिता कप मुका काही तरी ओरडे,
१२ बोटांतून उगाच साखर गळे, दाणे भुई सांडती.
१३ मी ठेवी दुसरा धुऊन उलटा, होता जरी कोरडा;
१४ हातांना शिकवू किती परत मी? येई न त्यांना धडा.

प्रश्न: परीक्षेत अनोळखी सुनीत येते आणि 'रूप व वृत्त यांच्या अंगाने विश्लेषण करा' असे विचारतात. मी भावार्थापासून सुरुवात करते आणि वृत्तापर्यंत वेळच उरत नाही. क्रम काय ठेवावा? (बी.ए.ची विद्यार्थिनी)

भावार्थ शेवटी ठेवा. आधी मोजणी करा, कारण भावार्थातले अर्धे मुद्दे मोजणीतूनच हाती लागतात.

पहिली ओळ घेऊन अक्षरे मोजा. अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याला लागून आलेली व्यंजने. 'खुंटीला अजुनी तसाच सदरा, बाही जरा ओघळे' या ओळीत १९ अक्षरे आहेत. आता प्रत्येक अक्षराखाली ल (लघु, म्हणजे हलके, एका मात्रेचे) किंवा गा (गुरू, म्हणजे जड, दोन मात्रांचे) लिहा आणि तीन-तीन अक्षरांचे गट पाडा:

खुंटीला: गा गा गा, म गण
अजुनी: ल ल गा, स गण
तसाच: ल गा ल, ज गण
सदरा: ल ल गा, स गण
बाही ज: गा गा ल, त गण
रा ओघ: गा गा ल, त गण
ळे: गा, ग

म स ज स त त ग, म्हणजे शार्दूलविक्रीडित. या ओळीत पहिले चारही शब्द नेमके एकेका गणाचे आहेत, त्यामुळे पाया समजायला ती सोपी जाते. प्रत्येक ओळ इतकी सरळ नसते. चौदावीत 'हातांना | शिकवू | किती प | रत मी' असा 'परत' हा शब्द दोन गणांत फुटतो, आणि त्यात काहीच चूक नाही. गण हे मोजमाप आहे. शब्द गणाच्या कडेवर संपलाच पाहिजे असा नियम नाही.

गणांची नावे आठवत नसतील तर 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हवे ते अक्षर घ्या आणि पुढची दोन जोडा. 'यमाता' म्हणजे ल गा गा, हा य गण. 'ताराज' म्हणजे गा गा ल, हा त गण. 'सलगा' म्हणजे ल ल गा, हा स गण.

एका ओळीवरून वृत्ताचे नाव ठरवू नका. कवीने कुठे अक्षर ओढले वा आखडले असेल तर नेमकी तीच ओळ तुमच्या वाट्याला यायची. पहिली ओळ आणि मधली कुठलीही एक, अशा दोन ओळी पूर्ण मोजा. दोन्हींचा साचा एक निघाला की बाकीच्या ओळी फक्त कानाने तपासा आणि अडखळेल तीच ओळ पुन्हा मोजा. त्यानंतर यती (ओळीतला ठरलेला थांबा), मग यमके, मग वाक्ये कुठे संपतात ते, आणि शेवटी वळण, म्हणजे कविता जिथे दिशा बदलते ती जागा. कागदावर ही सगळी खूण करायला पंधरा मिनिटे पुरतात.

प्रश्न: लघु-गुरू लावताना माझी दर दोन ओळींत एक तरी चूक होते. जोडाक्षरांपाशी हमखास. 'पुन्हा' मधला 'पु' लघु कसा? पुढे तर जोडाक्षर आहे. (कवितालेखन शिकणारा वाचक)

पुढे जोडाक्षर असले की मागचे अक्षर गुरू, हा संस्कृतातला नियम मराठीला जसाच्या तसा लावला की हा घोळ होतो. मराठीत मागच्या अक्षरावर आघात येतो का, ते पाहायचे. मोठ्याने म्हणून बघा: 'अश्रू' म्हणताना 'अ' दाबला जातो, जणू 'अश्-श्रू'. म्हणून तो गुरू. 'चष्मा', 'शब्द', 'अर्धा', 'खुर्ची' यांतही पहिल्या अक्षरावर तसाच आघात येतो. 'पुन्हा', 'उन्हात', 'तुम्ही' म्हणताना मात्र 'पु', 'उ', 'तु' तसेच हलके राहतात. न्ह, म्ह, ल्ह ही मराठीत जवळजवळ एकेकच व्यंजने आहेत, म्हणून ती मागच्या अक्षराला जड करत नाहीत.

दुसरा गट आहे 'या' जोडलेल्या रूपांचा. 'आपल्या', 'सावल्या', 'सरत्या', 'तिरप्या' यांत ल्या, त्या, प्या यांच्या आधीचे अक्षर लघुच राहते. सातवी ओळ याच रूपांनी भरली आहे. तिथे 'सरत्या'चा 'र' किंवा 'तिरप्या'चा 'र' गुरू धरलात तर ओळ मोडलेली दिसेल, आणि दोष मात्र कवीच्या माथी जाईल.

शब्दाच्या सीमेवरचे जोडाक्षर हा तिसरा प्रकार. पाचव्या ओळीत 'लोक, म्हणून' आणि चौदावीत 'न त्यांना'. पुढचा शब्द जोडाक्षराने सुरू होतो म्हणून 'क' किंवा 'न' गुरू होत नाही; म्हणताना आपण तिथे शब्द सोडवून म्हणतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. बोलताना 'कप' एका झटक्यात संपतो, पण वृत्तात 'क' आणि 'प' ही दोन पूर्ण लघु अक्षरे आहेत. 'दोन कप ते' म्हणजे गा ल ल ल गा. विद्यार्थी इथे सर्रास तीनच अक्षरे मोजतात आणि मग ओळीत दोन अक्षरे कमी पडतात. उच्चारला जाणारा अनुस्वार अक्षराला गुरू करतो ('थेंब', 'सांडती', अर्थात इथे स्वर मुळातच दीर्घ आहेत, पण 'खुंटी'तला 'खुं' केवळ अनुस्वारामुळे गुरू झाला आहे). ओळीच्या शेवटचे अक्षर लघु असले तरी गरजेनुसार गुरू धरतात.

आणि ऱ्हस्व-दीर्घ. दुसऱ्या ओळीत 'घडी'चे 'घडि' आणि 'कुणीही'चे 'कुणिही' झाले आहे, तिसरीत 'बाटलीतील'चे 'बाटलितील', चौथीत 'तशीच'चे 'तशिच'. वृत्तासाठी ही मोकळीक कवी घेतात आणि छापतानाही तसेच छापतात. तिला शुद्धलेखनाची चूक म्हणून उत्तरात नोंदवू नका. 'वृत्तासाठी ऱ्हस्व केले' एवढे लिहा. मात्र सलग तीन ओळींत अशी रूपे आली आहेत, आणि हे प्रमाण जास्तच म्हणायला हवे. एका सुनीतात दोन-तीन ठिकाणी चालते; त्यापुढे कान कुरकुरतो.

प्रश्न: यती म्हणजे थांबा, इतके कळते. पण तो दाखवून पुढे लिहायचे काय? 'बाराव्या अक्षरावर यती आहे' हे एक वाक्य झाले की विषय संपतो. (मराठीच्या शिक्षिका)

खरे तर विषय तिथे सुरू होतो. आधी शार्दूलविक्रीडिताच्या ओळीचे वजन पाहा. १९ अक्षरांत ११ गुरू आणि ८ लघु, म्हणजे ३० मात्रा. यतीपूर्वीच्या १२ अक्षरांत ६ गुरू, ६ लघु, १८ मात्रा. यतीनंतरच्या ७ अक्षरांत ५ गुरू आणि फक्त २ लघु, १२ मात्रा. पहिला भाग हलता आहे, दुसरा जड. त्यातही ९, १०, ११ ही तीन अक्षरे सलग लघु आणि लगेच १२, १३, १४ ही तीन सलग गुरू आहेत. ओळ तीन अक्षरे धावते आणि तीन जड अक्षरांवर जाऊन आदळते. यती त्या तीन गुरूंच्या मध्ये, पहिल्यानंतर पडतो. 'उशीर कसला? दारात' म्हणून पाहा: र-क-स पळतात, ला-दा-रा रोवून उभे राहतात. शोकाच्या कवितेला या वृत्ताचा उपयोग काय, याचे उत्तर या सहा अक्षरांत आहे.

आता यतीच्या जोडीला वाक्यातला विराम ठेवा. वृत्त दर ओळीला बाराव्या अक्षरावर थांबायला सांगते. अर्थ कुठे थांबतो? ओळ १, २, ४: दोन्ही एकाच जागी. वस्तू जागच्या जागी आहेत, ओळीही जागच्या जागी. ओळ ५ मध्ये अर्थ चौथ्या अक्षरावर थांबतो ('येती लोक,') आणि शेवटी थांबतच नाही: 'जाती पुन्हा आपल्या / कामांना'. संपूर्ण सुनीतात वाक्य ओळीच्या कडेवरून खाली वाहते ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तिथे लोक घरातून बाहेर पडत आहेत. 'कामांना' हे बरोबर तीन गुरू, म्हणजे अख्खा म गण. तो संपताच स्वल्पविराम. लोक निघाले, दार लागले.

पुढे ओळ १० मध्ये विराम सातव्या अक्षरावर ('समजे न,') आणि ११ मध्ये सहाव्यावर ('उकळे,'). इथे हात सवयीने काम करत आहेत आणि यती व अर्थ यांची जोडी पुन्हा सुटली आहे. शेवटच्या तीन ओळींत ती परत जुळते. चौदावीत तर यतीच्या जागी प्रश्नचिन्हच आहे.

उत्तरात लिहायचे ते हे: यती आणि विराम कुठे एकत्र आहेत, कुठे वेगळे झाले, आणि त्या जागी कवितेत काय घडते. वृत्ताचे नाव बरोबर आले तर एक गुण मिळतो, बाकीचे गुण या निरीक्षणाचे.

यतिभंग ओळखायचा असेल तर ही ओळ मोजा: 'कोणाला कळले न काय हरवूनी राहिले हे घर'. अक्षरे १९, गणही बरोबर, शेवटचा 'र' पादान्ती म्हणून गुरू. तरी ओळ अडखळते, कारण बारावे अक्षर 'वू' आणि तेरावे 'नी'. यती 'हरवूनी' या शब्दाच्या पोटात पडला. 'कोणाला कळले न काय सरले, झाले रिते हे घर' असे केले की अडखळ जाते. यतीवर समास फुटला तर एक वेळ चालते, एकसंध शब्द फुटला तर चालत नाही.

प्रश्न: यमकांवरून सुनीत शेक्सपिअरच्या पद्धतीचे ठरते, पण वळण नवव्या ओळीत दिसते. मग नाव कोणते द्यायचे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा, आणि नावाचा आग्रह सोडा.

वरच्या सुनीताची यमके अबअब, कडकड, तथतथ, पप अशी आहेत (एकाच अक्षराच्या ओळींचे यमक एक): चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी जोडी. शेक्सपिअरची सुनीते १६०९ मध्ये छापली गेली ती बहुतेक याच रचनेची. तिथे वळण बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींत येते. त्याआधी दोनशे-अडीचशे वर्षे इटलीत पेट्रार्कने रूढ केलेल्या रचनेत पहिल्या आठ ओळी अबबअ अबबअ अशा दोनच यमकांवर चालतात आणि पुढच्या सहा ओळींत यमके बदलतात. म्हणून तिथे वळण आठव्या-नवव्या ओळींच्या सांध्यावर पडणे साहजिक होते. अष्टक आणि षटक हे शब्द त्या रचनेचे. मराठी कवींनी पहिल्यापासून दोन्हींची सरमिसळ केली आहे. तेव्हा 'यमकरचना शेक्सपिअरी, विचाराची विभागणी अष्टक-षटकाची' हे उत्तर अचूक आहे. 'पेट्रार्कीय सुनीत' एवढेच लिहिले तर चूक.

नववीत वळण आहे हे कशावरून? 'पण' या शब्दावरून, असे बहुतेकजण लिहितील. तो शब्द ही फक्त पाटी झाली. बदल काय होतो ते पाहा. अष्टकात कर्ते आहेत सदरा, चष्मा, औषध, खळी, लोक, सावल्या. 'मी' प्रथम येतो तो आठव्या ओळीत, तोही 'पोचता' या गौण क्रियेला लागून. षटकात डोळे, हात, बोटे, आणि मग 'मी ठेवी', 'शिकवू'. वस्तूंवरून दृष्टी शरीरावर आली. म्हणजे वळणाची तयारी आठव्यातच झाली आहे, नवव्यात ते उघड होते.

वळण नेमके नवव्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर असायलाच हवे असे नाही. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या १८४४च्या, शोक हेच नाव असलेल्या इंग्रजी सुनीतात यमके काटेकोर पेट्रार्कीय आहेत (अबबअ अबबअ कडइ कडइ), पण वळण आठव्या ओळीच्या उत्तरार्धातच सुरू होते आणि वाक्य सांधा ओलांडून नवव्या ओळीत जाते. खरा शोक मूक असतो असे सांगणारी ती कविता आहे. तिथे सांध्यावर थांबायची सोयच काढून घेतली आहे. असे दिसले की 'वळण चुकले' लिहू नका, 'वळण अर्धी ओळ अलीकडे आणले' असे लिहा आणि का ते सांगा.

यमकांचा कसही पाहावा. 'मांडती-सांडती' आणि 'कोरडे-ओरडे' ही यमके भक्कम, कारण मागची दोन-दोन अक्षरे जुळतात. 'ओघळे-साकळे', 'ठसे-बसे', 'आपल्या-सावल्या' चांगली. 'शांतता-पोचता' सर्वांत कच्चे: 'ता' आणि त्याआधीचा अकार, एवढेच साम्य. 'कोरडा' हा शब्द नवव्या ओळीतल्या 'कोरडे'ची आठवण घेऊन तेराव्यात येतो. आधी डोळे कोरडे, मग न वापरलेला कप कोरडा, आणि तरी तो धुतला जातो. यमकाच्या जागी आलेला शब्द पुन्हा यमकाच्याच जागी येतो, म्हणून कानाला हे नाते कळते.

शेवटच्या यमकजोडीबद्दल एक इशारा. शोकसुनीते सर्वांत जास्त इथेच बिघडतात. बारा ओळी खुर्ची, चष्मा, पेला सांभाळून ठेवलेला कवी तेराव्या ओळीत 'जीवन हे असेच' सुरू करतो. जोडीचे यमक ठसठशीत वाजते, म्हणून सुभाषिताचा मोह होतो. तपासताना विचारा: शेवटच्या दोन ओळी काढल्या तर काही नवी गोष्ट जाते, की फक्त निष्कर्ष जातो?

प्रश्न: शोकाला शार्दूलविक्रीडित? मेघदूतामुळे मंदाक्रांता विरहाची, असे आम्ही शिकलो. वृत्त आणि रस यांचे नाते असते की नाही? (निवृत्त प्राध्यापक)

असते, पण वृत्ताच्या नावाशी रस बांधलेला नसतो. शार्दूलविक्रीडितात मराठीत मंगलाष्टकेही म्हटली जातात. लग्नातले वृत्त शोकाला कसे चालते, असा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण चाल बदलली की तोच साचा वेगळा वाजतो. केशवसुतांनी १८९२ मध्ये सुनीत मराठीत आणले तेव्हापासून या वृत्ताची आणि सुनीताची सोयरीक आहे. त्यामागे व्यावहारिक कारण दिसते: १९ अक्षरांत एक पूर्ण मराठी वाक्य, त्याच्या विशेषणा-प्रत्ययांसह मावते.

मंदाक्रांता (म भ न त त ग ग, १७ अक्षरे, यती ४, ६, ७ अक्षरांच्या टप्प्यांवर) सुरुवातीलाच चार गुरू ठेवते, मग पाच लघु सलग. उसासा आणि मग ओघ. ज्याला बोलवायचे आहे, ज्याच्याकडे निरोप धाडायचा आहे अशा शोकाला ती शोभते. वरच्या सुनीतात कुणाला हाकच नाही, नुसती नोंद आहे. तिथे तीन जागी थांबणारी ओळ जास्त हळवी झाली असती. शिखरिणी (य म न स भ ल ग, १७ अक्षरे, यती ६, ११ अक्षरांच्या टप्प्यांवर) पहिल्या लघूनंतर पाच गुरू चढते आणि मग उतरते. तिच्यात तक्रार, आर्जव चांगले बसते.

आणि शोकाचे म्हणून खरेच एक वृत्त दाखवायचे असेल तर ते वियोगिनी. कालिदासाने कुमारसंभवातला रतिविलाप आणि रघुवंशातला अजविलाप, दोन्ही याच वृत्तात लिहिले आहेत. ते अर्धसम आहे: विषम चरणात स स ज ग (१० अक्षरे), सम चरणात स भ र ल ग (११ अक्षरे). चौदा ओळींचे सात जोड पडतात, तेव्हा सुनीत त्यात बसते. पण यमके अबअब ठेवावी लागतात. अबबअ ठेवलीत तर पहिली ओळ दहा अक्षरांची, तिचे यमक चौथ्या, अकरा अक्षरांच्या ओळीशी. यमक जुळूनही कानाला ओळी जोडीच्या वाटत नाहीत.

प्रश्न: मी लिहिलेली ओळ शार्दूलविक्रीडितात बसत नाही: 'आई गेल्यापासुनी घरात नाही उरले काही'. भाव जाऊ न देता कशी बसवू? (नवोदित कवयित्री)

मोजून पाहा. अक्षरे १७, म्हणजे दोन कमी. चौथे आणि पाचवे अक्षर ('ल्या', 'पा') गुरू आहेत, तिथे लघु हवेत. तेव्हा पहिली अडचण 'गेल्यापासुनी' या शब्दाची: त्यात सुरुवातीलाच तीन गुरू आहेत आणि 'आई'चे दोन गुरू आधी झालेत. सलग पाच गुरू या वृत्तात कुठेच नाहीत, त्यामुळे हा शब्द 'आई'ला लागून बसणार नाही. तो सोडावाच लागेल.

आता 'आई' ठेवा आणि तिसरा गुरू शोधा. 'आई तू नसता घरात उरले काही न माझे असे': आ-ई-तू (म), न-स-ता (स), घ-रा-त (ज), उ-र-ले (स), काही न (त), माझे अ (त), से (ग). बसली. पण पाहा, 'तू' आला आणि ओळ आईशी बोलू लागली. पुढच्या तेरा ओळींत हे संबोधन चालवायचे असेल तरच 'तू' ठेवा. नसेल तर 'आता' घेऊन सुरू करा: 'आता आइविना घरात उरले काही न माझे असे'. इथे 'आइविना'तला 'इ' ऱ्हस्व करावा लागतो (आ-ता-आ, इ-वि-ना), तेवढी मोकळीक ठीक.

वृत्त भरण्यासाठी ठिगळ म्हणून येणारे शब्द ओळखायला शिका: हा, ही, ते, जरा, किती, अहा, जणू. ते काढून अर्थ तोच राहिला तर शब्द भरतीचा. वरच्या सुनीतावर ही कसोटी लावा. दुसऱ्या ओळीतला 'ते' (काचेवरी ते ठसे) ओळखीचे ठसे दाखवतो, तो राहू द्यावा. अकराव्यातला 'पाणी ते उकळे' मधला 'ते' निव्वळ भरतीचा आहे. तिसरा गुरू हवा होता, म्हणून आला. 'पाणी हो' किंवा 'पाणी का' केले तर आणखी बिघडेल. ओळ बदलायची तर अख्खी बदलायला हवी.

प्रश्न: कोण वारले ते कवितेत लिहिलेले नाही. विश्लेषणात 'पतीच्या निधनावरचे सुनीत' म्हणावे का? (बारावीचा विद्यार्थी)

नाही. सदऱ्यावरून माणूस पुरुष असावा, औषधावरून आजारी होता, 'उशीर कसला?' यावरून वाट पाहत असे, आणि दोन कपांवरून घरात दोघेच होते, एवढेच मजकुरातून निघते. वडील, नवरा, भाऊ, कुणीही असेल. 'मी ठेवी', 'शिकवू' या रूपांत लिंग कळत नाही, तेव्हा बोलणारी स्त्री आहे की पुरुष हेही सांगता येत नाही. 'निवेदक' लिहा.

त्यापेक्षा हे नोंदवा: मृत्यू, दुःख, शोक यांतला एकही शब्द चौदा ओळींत नाही. त्याऐवजी सहा ओळींत (२, ४, ८, ९, १०, १४) नकार आहे. यांपैकी पाच ठिकाणी तो 'न' आहे, एकच लघु अक्षर, सहज निसटून जाणारे. आठव्या ओळीत मात्र 'ना' होऊन गुरूच्या जागी, ओळीच्या तोंडाशीच उभा आहे, आणि तिथेच हरवलेल्या माणसाचे बोलणे पहिल्यांदा ऐकू येते.

प्रश्न: इंग्रजी सुनीताची ओळ दहा अक्षरांची. मराठीत दहा अक्षरांचे वृत्त घेऊन, 'लगा लगा' करत लिहिले तर ते जास्त मूळाबरहुकूम होईल का? (भाषांतर करणारा वाचक)

आकडा जुळेल, चाल जुळणार नाही. इंग्रजी ओळीत पाच आघात मोजतात, अक्षराचे ऱ्हस्व-दीर्घ नव्हे. आणि ते आघात कवी मधूनमधून हलवतो, म्हणून ओळ जिवंत राहते. मराठीत 'लगा' पाच वेळा घातले की प्रत्येक दुसरे अक्षर दीर्घ होणार आणि ते कुठेच हलवता येणार नाही. चौथ्या ओळीपर्यंत ते ठोक्यासारखे वाजू लागते. शिवाय मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात, दहा अक्षरांत दोन-तीनच शब्द मावतात. शोकसुनीताचे भाषांतर करायचे असेल तर १७ ते १९ अक्षरांचे अक्षरगणवृत्त घ्या, नाहीतर मात्रावृत्त. मात्रावृत्तात ओळी ठरावीक मात्रांच्या ठेवून लघु-गुरूंची जागा मोकळी सोडता येते, त्यामुळे मुळातले विराम हलवावे लागत नाहीत. यमकांची रचना आणि वळणाची ओळ मात्र मुळातली आहे तीच ठेवा. वळण आठव्या ओळीच्या मध्यावर असेल तर भाषांतरातही तिथेच.